रुजवात घेणारे अण्णा

लग्नपत्रिका हातात आली की माणसं मुहूर्त बघतात, जेवण कुठल्या कार्यालयात आहे ते बघतात. आमचे अण्णा खिशातून बांबूची छोटी फूटपट्टी काढायचे. आमच्या भागात पत्रिका एका बाजूला मराठी आणि दुसऱ्या बाजूला कन्नड अशी छापतात. अण्णा पत्रिका घेऊन आलेल्या माणसाला बसवून घ्यायचे, मराठी बाजू त्याला मोठ्याने वाचायला लावायचे आणि दुसऱ्या प्रतीच्या कन्नड बाजूवर ओळीओळीने पट्टी सरकवायचे. एकदा एका पक्षकाराच्या मुलीचा मुहूर्त मराठीत बारा पस्तीसचा आणि कन्नडमध्ये बारा पंचेचाळीसचा निघाला. अण्णा त्याला म्हणाले, "मराठी वाचणाऱ्यांनी अक्षता टाकून मोकळं व्हायचं, आणि कन्नडवाले येईपर्यंत पोरगी कुणाची रं?" बिचारा तसाच उठून छापखान्यात पळाला.

बेळगाव आणि निपाणीच्या मधल्या आमच्या तालुक्याच्या कोर्टात अण्णांनी चाळीसेक वर्षं वकिली केली. जैन शेतकरी घरातला माणूस, उसाची थोडी शेती, अंगात पांढरा शर्ट आणि त्यावर वर्षानुवर्षं धुऊन तांबूस झालेला काळा कोट. भांडायचे मराठीत, युक्तिवाद करायचे कन्नडमध्ये. मी बेळगावच्या वडगावची, हातमागाच्या घरातली. लग्न होऊन इकडे आले आणि त्यांच्या हाताखाली वकिली शिकले. पहिल्या दिवशी त्यांनी माझं गाव विचारलं आणि त्या दिवसापासून मला नाव उरलं नाही. "ए वडगाव, फाईल आण गं," एवढीच माझी ओळख.

पट्टी लावून वाचायच्या त्यांच्या सवयीची आम्ही पुष्कळ टिंगल केली. त्या सवयीत माझ्या माहितीत एकदाच खंड पडला. तो माझ्यामुळे पडला आणि त्यात माझी वकिलीची सनद जायची वेळ आली होती. ते सांगायचं तर आधी ही सवय कुठून आली ते सांगायला हवं.

सनद घ्यायच्या आधी अण्णा तीन वर्षं कोर्टाच्या नक्कल विभागात कारकून होते. तिथे जुन्या कागदाची नक्कल झाली की एकाने मूळ कागद मोठ्याने वाचायचा आणि दुसऱ्याने नक्कल बोटाखाली धरून ताडून बघायची. या ताडून बघण्याला रुजवात म्हणत. नकलेच्या तळाशी दोन सह्या असत, एक 'नक्कल करणार' आणि दुसरी 'रुजवात घेणार'. अण्णा म्हणायचे, "नक्कल करणारा चुकणारच. माणूस हाय. म्हणून तर दुसरी सही ठेवलीया. दुसरा चुकला तर मग कोर्टाला कुलूप घाला." पुढे ते वकील झाले, पण दुसरी सही त्यांच्या डोक्यातून कधी गेली नाही. आम्ही कुठलाही अर्ज पुढे केला की पहिला प्रश्न ठरलेला असायचा. "रुजवात कुणी घेतली?"

दुसरी सवय खिडकीची. अण्णा सूर्य मावळायच्या आत जेवायचे आणि त्यानंतर पाणीसुद्धा घ्यायचे नाहीत. वकील संघाची सभा कितीही तापलेली असो, साडेसहाच्या सुमारास अण्णा पश्चिमेच्या खिडकीकडे बघू लागले की बोलणारा आपोआप आवरतं घ्यायचा. संघातले मराठीवाले आणि कन्नडवाले हे दोन गट कधी एकमेकांचं तोंड बघत नसत, पण अण्णांचं जेवण चुकवायचं पाप कुणालाच नको असायचं. सूचनाफलकावर कन्नड वर की मराठी वर यावरून एकदा रणकंदन माजलं होतं. ते भांडणसुद्धा त्या खिडकीनेच मिटवलं. "दोन्ही शेजारी शेजारी लावा, आणि मला घरी सोडा," असं म्हणून अण्णा उठले, आणि फलक आजही तसाच आहे.

अशा माणसाला सत्तरीच्या उंबरठ्यावर आम्ही वकील संघाचा अध्यक्ष केलं. खरं कारण असं की दोन्ही गटांना दुसऱ्याचा माणूस नको होता. अण्णांनाही ते माहीत होतं. हार घालून घेताना म्हणाले, "तुमच्या भांडणात माझं लगीन लावलासा."

नेमकं त्याच वर्षी कृत्रिम बुद्धिमत्ता आमच्या बार रूममध्ये शिरली. आधी चोरून शिरली. तरुण वकील मोबाईल टेबलाखाली धरून त्या यंत्राकडून अर्ज लिहून घेत आणि वर मान करून स्वतःचे म्हणून सांगत. जुने वकील ते बघून कानावर हात ठेवत, आणि घरी जाऊन नातवाकडून तेच करून घेत. मग एक दिवस आमच्यातल्या एकाने भर कोर्टात एका निकालाचा दाखला दिला. न्यायाधीश मॅडमनी प्रत मागितली. दोन दिवस शोधाशोध झाली आणि असा निकाल कुठल्याही कोर्टाने कधी दिलेलाच नाही असं निघालं. यंत्राने तो रचला होता. बार रूममध्ये चार दिवस दुसरा विषय नव्हता. अर्धे म्हणाले, यंत्राला बंदी घाला. उरलेले गप्प बसले, कारण त्यांचे त्या दिवशीचे अर्जही तिथूनच आले होते.

अण्णांनी बंदी घातली नाही. ते मला घेऊन संगणकासमोर बसले. "हे काय म्हणतंय ते तरी बघूया की." त्यांनी स्वतः तीस वर्षांपूर्वी लढवलेल्या एका दाव्याबद्दल यंत्राला विचारायला लावलं. यंत्राने झकास उत्तर दिलं. दावा कसा उभा राहिला, मुद्दे काय होते आणि अण्णा तो कसे हरले, सगळं अगदी ओघवत्या भाषेत. अण्णा तो दावा जिंकले होते. ते पोट धरून हसले. "लई गोड बोलतंय गं. माहीत न्हाय असं म्हणतच न्हाय. माझ्या सीनियरांची याद आली."

दुसऱ्या दिवशी सर्वसाधारण सभेत ते म्हणाले, "हा हुशार ज्युनियर हाय. झोपत न्हाय, सुट्टी मागत न्हाय. पण नव्या ज्युनियरला तुम्ही कोर्टात एकटा सोडतासा काय? न्हाय न्हवं? मग ह्यालाबी सोडू नका." आणि मग त्यांनी खरं कारण सांगितलं. आमच्याकडच्या घराघरात ट्रंकेत जुनी खरेदीखतं, वाटणीपत्रं मराठीत आहेत. कोर्टाचं काम कन्नडमध्ये. भाषांतर करणारी माणसं हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी, त्यामुळे एकेक कागद महिनोन्‌महिने अडकून पडायचा. शेतकरी हेलपाटे घालून थकायचा. यंत्र तेच भाषांतर चहा निवायच्या आत करत होतं. "आपल्या भीतीपोटी त्यांना किती दिवस बसवून ठेवायचं?" असं अण्णांनी विचारलं, तेव्हा बंदी मागणारे खाली बघू लागले.

मग बार रूमच्या खिडकीशी एक टेबल आलं. त्यावर संगणक, दोन खुर्च्या आणि अण्णांची फूटपट्टी. नियम एकच. यंत्राने केलेलं भाषांतर दोघांनी बसून मुळाशी ताडायचं आणि खाली दोन सह्या करायच्या, नक्कल करणार आणि रुजवात घेणार. सुरुवातीला लोकांनी नाकं मुरडली. पण दोन-तीन महिन्यांत मॅडमसुद्धा भाषांतर हातात घेतलं की आधी तळाच्या सह्या बघू लागल्या. त्या मूळच्या म्हैसूरकडच्या, त्यांना मराठी येत नव्हती. आमच्या सह्यांवर विसंबण्यावाचून त्यांना इलाज नव्हता. अण्णांना याचा फार अभिमान होता. बोलून दाखवायचे नाहीत, पण टेबलावरची धूळ स्वतःच्या रुमालाने पुसायचे.

त्यानंतरच्या आषाढातली गोष्ट. आमच्या एका पक्षकार आक्कांचा शेजारच्या आप्पांशी जमिनीच्या एका पट्ट्यावरून वाद होता. आक्कांच्या शेताच्या दक्षिणेला एक वाट आणि वाटेपलीकडे ओढा. वाट आणि ओढा यांच्यामधला पट्टा कुणाचा, हा प्रश्न. आप्पा वाटेवरून उतरून त्या पट्ट्यावरूनच आपल्या शेतात जायचे. आक्कांच्या सासऱ्यांच्या वेळचं मराठी खरेदीखत होतं. मी त्याचे फोटो काढून यंत्राला दिले आणि कन्नड भाषांतर घेतलं. सुंदर झालं होतं. चतुःसीमा चोख, पूर्वेस अमुक, पश्चिमेस तमुक, उत्तरेस रस्ता, दक्षिणेस ओढा. म्हणजे पट्टा आक्कांचाच.

दुसऱ्या दिवशी सकाळी दाखल करायचं होतं आणि संध्याकाळ झाली होती. बाहेर ढगांनी इतकं अंधारून आलं होतं की सूर्य आहे की गेला ते कळत नव्हतं. अण्णा खिडकीशी उभे. मी फाईल पुढे केली आणि म्हटलं, "अण्णा, रुजवात घ्यायला बसलो तर तुमचं जेवण चुकणार. उद्या सकाळी वेळ मिळणार नाही."

"तू वाचलीस न्हवं मुळाशी?"

"वाचलंय."

मी भाषांतर वाचलं होतं. मूळ वरवर चाळलं होतं. अण्णांनी माझ्याकडे बघितलं, खिडकीकडे बघितलं, पेन काढलं आणि 'रुजवात घेणार' याच्यापुढे सही केली. मी त्यांना घाई केली याचं मला तेव्हा काहीच वाटलं नाही. उलट म्हाताऱ्या माणसाची काळजी घेतली असंच वाटलं.

दुसऱ्या बाजूच्या वकिलांनीही कन्नड भाषांतरच वाचलं. आक्कांच्या बाजूने तात्पुरता मनाई हुकूम मिळाला. आप्पांची वाट बंद झाली. आक्का पेढे घेऊन आल्या आणि मी दोन खाल्ले.

भाद्रपदात जैन घरांत दहा दिवसांचं पर्व असतं, आणि ते संपलं की क्षमा मागायचा दिवस येतो. अण्णा दरवर्षी त्या दिवशी बार रूममध्ये प्रत्येकापुढे हात जोडायचे. वर्षभरात कळत-नकळत काही चुकलं असेल तर क्षमा करा. शिपायापासून मॅडमपर्यंत कुणी सुटायचं नाही. पण पर्वाच्या दहा दिवसांत ते काय करायचे हे मला त्याच वर्षी कळलं. उपासाच्या पोटी बसून ते वर्षभर सह्या केलेले कागद पुन्हा काढायचे. मी विचारलं तर म्हणाले, "नकळत चुकलं म्हणून सोडून द्यायला सोपं पडतंय. कळून घ्यायला बसायला पाहिजे का नको?"

सातव्या दिवशी त्यांनी मला घरी बोलावलं. पुढच्या सोप्यात, ओसरीवर, घोंगडं अंथरून त्यावर आक्कांचं मूळ खरेदीखत उलगडून ठेवलं होतं, त्यावर पट्टी. जिथे कागदाची घडी होती तिथे तो झिजून आरपार गेला होता. 'दक्षिणेस' एवढं दिसत होतं आणि पुढे भोक. भोकातून खालच्या घोंगड्याचा काळा रंग दिसत होता. ओढा हा शब्द तिथे नव्हताच. खाली ओढ्याच्या पाण्याच्या हक्काची एक ओळ होती, तिथून यंत्राने तो उचलला आणि रिकाम्या जागी बसवून दिला. वडगावला माझे वडील मागावरचं कापड उजेडात धरून बघायचे, तुटलेला धागा त्यांच्या नजरेतून सुटायचा नाही. मी त्यांची मुलगी, आणि मला एवढं मोठं भोक दिसलं नव्हतं.

मी रडायला लागले. अण्णांनी रडू दिलं. मग मी जे बोलले ते आज लिहितानाही लाज वाटते. मी म्हटलं, "अण्णा, कुणाच्याच लक्षात आलेलं नाही."

अण्णा रागावले नाहीत. फक्त म्हणाले, "आप्पाच्या लक्षात आलंय. तो रोज ओढ्यातनं जातोय."

मला समोर सगळं दिसत होतं. खोटं भाषांतर दाखल केलं म्हणून सनद जाणार, नवऱ्याच्या गावात तोंड दाखवायला जागा राहणार नाही. आणि अण्णांचं टेबल मोडीत निघणार. मी तसं म्हटलंही. ते म्हणाले, "टेबल सहीवर उभं हाय, वडगाव. सही खोटी राहिली तर टेबल ठिवून काय करायचं?"

सोमवारी भर कोर्टात अण्णा उभे राहिले. उपासाने आवाज खोल गेला होता. त्यांनी मूळ कागद मॅडमपुढे ठेवला, भोकावर बोट ठेवलं आणि कन्नडमध्ये सांगितलं, की इथे काहीही लिहिलेलं नाही, आमच्या भाषांतरात लिहिलं आहे, आणि ते तपासल्याची सही माझी आहे. मी न वाचता केली. मॅडमनी विचारलं, भाषांतर कुणी केलं? अण्णा पुन्हा "सही माझी" म्हणू लागले. मी उठले आणि म्हणाले, "नक्कल करणार मी. वाचलं असं मी त्यांना खोटं सांगितलं."

मॅडमनी मनाई हुकूम त्याच दिवशी मागे घेतला. आम्हाला इतक्या कडक शब्दांत समज दिली की त्यातला एक शब्दही मी विसरले नाही. सनदेचं प्रकरण वर पाठवायला त्यांनी लेखणी उचललीही होती. शेवटी लेखी माफी घेतली आणि म्हणाल्या, "स्वतःहून आलात म्हणून." आक्कांनी दुसऱ्याच दिवशी वकालतनामा काढून घेतला. जाता जाता मला म्हणाल्या, "माझा वकील हुतासा का त्यांचा?"

क्षमेच्या दिवशी अण्णा बार रूममध्ये आलेच नाहीत. मला मागे घेऊन ते आप्पांच्या शेताकडे गेले. वाट आता मोकळी झाली होती, पण अण्णा मुद्दाम ओढ्यात उतरले. पाणी गुडघ्याच्या वर. आप्पा पलीकडे वैरणीचा भारा बांधत होते. अण्णांनी पाण्यात उभं राहूनच हात जोडले. "आप्पा, माझ्या सहीनं तुम्हाला हितनं चालवलं. क्षमा करा."

आप्पांनी भारा टाकला. मग ओरडले, "अहो वकीलसाहेब, क्षमा काय पळून जातीया व्हय? आधी वर या. पाय घसरला तर मला आणखी एक केस लागंल!" त्यांनी हात देऊन अण्णांना वर ओढलं आणि तो हात नंतर बराच वेळ सोडला नाही. आप्पांच्या सुनेने मला टॉवेल दिला. महिनाभर तीच डोक्यावर वैरण घेऊन त्या पाण्यातून जात होती. मी तिचीही क्षमा मागितली. ती नुसतीच हसली, आणि माझी मान खाली गेली.

पुढच्या सभेत यंत्र काढून टाका म्हणून गलका झाला. अण्णा म्हणाले, "यंत्रानं सही केल्याली न्हाय. मी केली. काढायचं तर मला काढा." आणि खिशातून राजीनामा काढून टेबलावर ठेवला. दोन्ही गट पहिल्यांदा एकमुखाने नको नको म्हणाले, पण ते ऐकेनात. जाताना त्यांनी एकच नियम वाढवून घेतला. मूळ कागद जिथे फाटलेला असेल तिथे नक्कल करणाऱ्याने स्वतःच्या हाताने 'फाटले आहे, वाचता येत नाही' असं लिहायचं. "मोकळी जागा मोकळी ठेवायला शिका," ते म्हणाले. "वकिलाला तेच जमत न्हाय."

अध्यक्षाची खुर्ची सोडून ते खिडकीजवळच्या टेबलाशी बसले ते शेवटपर्यंत. रोज संध्याकाळी चार-पाच कागद. मी मूळ वाचायची, ते पट्टी सरकवायचे. घाईत असलेल्या पोरांना म्हणायचे, "थांब जरा. मी एकदा घाई केलीया." हे ते मला ऐकवण्यासाठी म्हणत नसत, पण मी ऐकायची. माझ्यावर त्यांनी पुन्हा तसाच विश्वास टाकला. माझ्या वडिलांनंतर असं मला कुणी वागवलं नाही.

गेल्या पावसाळ्यात अण्णा गेले. आदल्या संध्याकाळी वेळेत जेवले होते, सकाळी उठले नाहीत. कोर्टात शोकसभा ठरली. हल्ली रुजवातीच्या टेबलावर दुसरी सही माझी असते, म्हणून संघाच्या सचिवाने शोकठरावाचा मसुदा माझ्याकडे आणून दिला. यंत्राकडून लिहून घेतला होता, कन्नड आणि मराठी दोन्हीत. झकास होता. अण्णांच्या व्यासंगाबद्दल होतं, साधेपणाबद्दल होतं. मी त्यांची पट्टी काढली आणि एकेक ओळ वाचू लागले. या कागदाला मूळ कुठलं धरायचं, हा प्रश्नच होता. चौथ्या ओळीवर पट्टी थांबली.

'त्यांनी आयुष्यात एकाही कागदावर न वाचता सही केली नाही.'

ओळ तशीच राहिली असती तर कुणी हरकत घेतली नसती. अण्णांच्या घरच्यांना बरंच वाटलं असतं. सचिव म्हणाला, "ताई, चांगली ओळ आहे की." मी ती खोडली आणि दोन्ही भाषांत स्वतःच्या हाताने लिहिलं, 'त्यांनी आयुष्यात एकाच कागदावर न वाचता सही केली, आणि ते भर कोर्टात स्वतः सांगितलं.'

सभेत मॅडमनी कन्नड ठराव स्वतः वाचला. त्या ओळीपाशी त्यांनी चष्मा काढून पुसला आणि ओळ पुन्हा पहिल्यापासून वाचली. मागे दाराशी आप्पा टोपी हातात धरून उभे होते. सगळं झाल्यावर ठराव सह्यांसाठी माझ्याकडे आला. सचिवाने 'नक्कल करणार' पुढे सही केली होती. मी त्याला शेजारी बसवून मराठी मोठ्याने वाचायला लावलं, कन्नडवर शेवटच्या ओळीपर्यंत पट्टी सरकवली, आणि मग अण्णांच्या जागी सही केली.